फिफ्टीज की सिक्स्टीज? दादा, तुमचे जाहीर आभार

प्रिय दादा,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, तारा बदलल्यास का?" म्हणून विषय टोलवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

गिब्सन कंपनीची लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, इथवर माझं पक्कं होतं. घोडं अडलं ते स्टँडर्ड फिफ्टीज आणि स्टँडर्ड सिक्स्टीज यांच्यात. दोन्ही २०१९ साली आलेली मॉडेल्स, दोन्ही अमेरिकेतल्या नॅशव्हिलची. आतून न कोरलेली महॉगनीची बॉडी, वर मेपल, रोझवूडचा फिंगरबोर्ड, २२ फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), २४.७५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), सगळं तेच. फरक म्हणावा तर नेकची म्हणजे दांड्याची जाडी, तारांचा आवाज पकडणारे पिकअप, खुंट्या आणि थोडी सजावट. एवढ्यासाठी मी किती व्हिडिओ पाहिले ते विचारू नका. हेडफोनवर कधी ही आवडायची, कधी ती. त्यात प्रत्येक जण सांगायचा, "तुझे हात लहान, सिक्स्टीजचा पातळ नेकच घे."

तुम्ही गिटार दुरुस्तीच्या वर्कशॉपला कुलूप लावून माझ्याबरोबर दुकानात आलात आणि आल्या आल्या अ‍ॅम्पच बंद केलात. "आवाज नंतर. आधी हात." पट्टा लावून उभं केलंत, पहिल्या फ्रेटवर एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची ती) धरायला लावलीत आणि सोडूच देईनात. सेल्समन चुळबुळ करत होता. पातळ नेकवर थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. अंगठा टेकायला जागा शोधत राहिला. फिफ्टीजचा जाडजूड नेक हातात घेतला तर तळवा भरला आणि पंजा आपोआप सैल पडला. लहान हाताला जाड नेक! हे मला कोणी सांगून पटलं नसतं. वरच्या फ्रेट्सवर सिक्स्टीज जास्त चपळ वाटली, तेही तुम्ही झाकलं नाहीत. "भरभर सोलो वाजवणाऱ्याला मी हीच देईन. तू ऱ्हिदमवाली, कॉर्ड धरून साथ देणारी."

मग अ‍ॅम्प लावलात. फिफ्टीजचे बर्स्टबकर पिकअप जरा मऊ, गोल. सिक्स्टीजचे बर्स्टबकर ६१ जास्त टोकदार, खणखणीत. हा फरक मी डोक्यावर घेऊन नाचत होते. तुम्ही सिक्स्टीजचा टोन नॉब थोडा उतरवलात आणि निम्मा फरक तिथेच विरला. "पिकअप उद्या बदलून देईन. नेक कुठून बदलू?"

सामानाचा काटा खिशातून काढलात तेव्हा मात्र मला हसू आवरेना. पण दुकानातल्या दोन फिफ्टीजच्या वजनात जवळजवळ अर्ध्या किलोचा फरक निघाला! मॉडेल एकच, लाकूड वेगळं. चार किलोंच्या वरचं ओझं तास-दोन तास खांद्यावर घ्यायचं तर हा फरक पिकअपपेक्षा मोठा, असं आता माझं ठाम मत आहे. हलकी घेतली. शिवाय हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागून नख फिरवून बारीक चीर नाही ना, हे पाहायला शिकवलंत. ते टोक १७ अंशांनी मागे कललेलं, गिटार पडली की तिथेच मोडते. अशा किती मोडक्या गिटारींना तुम्ही सरस लावलंय ते तुम्हालाच ठाऊक. स्टँडच्या रबरावर सुती कापडही गुंडाळलंय, नायट्रोच्या (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) फिनिशवर रबराचा डाग नको म्हणून.

आइस्ड टी रंगाच्या त्या सिक्स्टीजवरचे वाघासारखे पट्टे अजून डोळ्यांसमोर येतात, खोटं कशाला बोलू. पण टोबॅको बर्स्ट रंगाची फिफ्टीज घरी आल्यापासून सराव संपला तरी हात दुखत नाही, आणि शेजाऱ्यांना त्याचा त्रास जास्त आहे.

पाऊस सुरू झाल्यापासून नेक किंचित पुढे आल्यासारखा वाटतोय, जाड तारेची अ‍ॅक्शन (फ्रेटपासूनची उंची) वाढलीय. नेक सरळ करायच्या आतल्या सळईला, ट्रस रॉडला, मी हात लावलेला नाही. रविवारी घेऊन येते. या वेळी तुम्ही पैसे घेतल्याशिवाय मी गिटार तुमच्या टेबलावर ठेवणार नाही.

तुमची,
ऱ्हिदमवाली