मोडीचा तराजू

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आमच्या मजल्यावरच्या सोळा माणसांची नोकरी गेली, इथे पुण्यात सगळे मंदी-मंदी करतात आणि तुम्ही म्हणता दुकान ठीक चाललंय. नागपूरला मंदी येतच नाही का?" त्या वेळी काउंटरवर लग्नाच्या बस्त्याची मंडळी पातेल्यांना टिचक्या मारून आवाज ऐकत होती. मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. तुझी आई म्हणाली, पोरीशी तुटक बोललात. म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर मला धड सांगता येत नाही, वही समोर असली की येतं.

वह्या खरोखर समोर काढल्या आहेत. आजोबांच्या लाल खतावण्या वाळवीने खाल्ल्या, पण १९९८ पासूनच्या माझ्या सगळ्या शाबूत आहेत. त्यांत गावोगावच्या पार्ट्यांची, म्हणजे आपल्याकडून माल नेणाऱ्या दुकानदारांची खाती आहेत: चंद्रपूर, वणी, पुलगाव, यवतमाळ, भंडारा, गोंदिया आणि तिकडे छिंदवाडा, सिवनी. तुला लहानपणी वाटायचं, बाबा फिरतीवर मजा करायला जातात. मी एसटीच्या मागच्या बाकावर आदळत वसुलीला जायचो. पेपरात मंदी छापून येण्याआधी ती मला वसुलीत दिसते. तीस दिवसांत पैसे देणारा साठ दिवसांवर गेला की समजायचं.

मंदी ओळखायचं दुसरं यंत्र म्हणजे मोडीचा, म्हणजे जुनी भांडी तोलायचा तराजू. तो काउंटरच्या डाव्या हाताला असतो, तू त्यात बाहुली बसवायचीस तोच. नवं भांडं घेताना जुनं मोडीत देतात ती मोड वेगळी. नवं काही न घेता नुसती मोड घालून रोख पैसे मागायला माणूस आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, काट्याकडे बघतो. त्यालाही तेच बरं वाटतं.

आता २००८ चं सांगतो. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि टीव्हीवाल्यांनी असं काही वातावरण केलं की मी घाबरून दिवाळीचा माल निम्माच भरला. दिवाळी २८ ऑक्टोबरला होती. धनत्रयोदशीच्या दुपारी चार वाजताच स्टीलचे डबे संपले. शेजाऱ्याकडून उसना माल आणून विकला, त्यात नफा काय उरणार? घेणारे कोण होते? अंबाझरीच्या आयुध निर्माणीतले, रेल्वेतले, सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांतले. रेल्वेच्या एका गार्डसाहेबांनी पितळी समयांची जोडी घेतली. घासाघीस नाही, उधारी नाही. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सहावा वेतन आयोग मान्य केला होता. जानेवारी २००६ पासूनचा फरक द्यायचा ठरला, ४० टक्के त्या वर्षी आणि ६० टक्के पुढच्या वर्षी. लेहमन बुडाली न्यूयॉर्कमध्ये, पगार सुटला दिल्लीतून, आणि माझं गिऱ्हाईक दिल्लीच्या नळावर पाणी भरणारं होतं.

त्याच दिवाळीत सुरतेत हिरे घासणारे कितीतरी कारखाने सुटीला म्हणून बंद झाले ते उघडलेच नाहीत. हिरा घ्यायची ती अमेरिका. तिरुपूरचे बनियन-टीशर्ट घ्यायची तीही अमेरिका आणि युरोप. पिंपरी-चिंचवडला वाहनांच्या कारखान्यांत 'ब्लॉक क्लोजर' सुरू झाले, म्हणजे ट्रक खपत नाहीत म्हणून चार-सहा दिवस फाटकच बंद. देश एकच, साल एकच. त्या वेळच्या हिशेबाने देशाची वाढ ९.३ टक्क्यांवरून ६.७ वर आली, पण हा आकडा कोणत्याच एका गावाचा नव्हता. सुरतेचा त्याहून फार वाईट होता, इतवारीचा बरा होता.

तू विचारलंस त्याचं माझं उत्तर एवढंच आहे: गावात पैसा बाहेरून कुणाच्या खिशातून येतो ते बघ. गावातल्या गावात न्हावी शिंप्याला देतो, शिंपी किराणेवाल्याला देतो, ते सगळं नंतरचं. पहिला रुपया कुठून आत शिरतो आणि तो देणारा मंदीत हात आखडतो का, यावर सगळं आहे. आपल्याकडे तो रुपया बराचसा सरकारी आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची, पुढे मध्य प्रदेशची राजधानी होतं. राजधानी गेली, कचेऱ्या राहिल्या आणि पुढे नव्या येतही गेल्या. कोळशाची वेकोलि, मँगनीजची मॉयल, पर्यावरण संशोधनाची नीरी, खाण ब्यूरो, वायुसेनेची कमान, रेल्वेचे दोन-दोन विभाग, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं. आपण जन्मभर रडलो की राजधानी गेली आणि बदल्यात हिवाळी अधिवेशनाची खिचडी मिळाली. पण महिन्याच्या एक तारखेला या गावात जो पगार पडतो, त्याला शेअर बाजाराशी घेणंदेणं नसतं.

कोळसा खाणींच्या गावातल्या, वणीच्या आपल्या पार्टीला मी तेव्हा काळजीने विचारलं होतं, वसुलीचं कसं? तो हसला. म्हणाला, "कोयसा काय थांबते का, भाऊ? लोकायले लाइट तं लागतेच." त्याचे पैसे २००८-०९ मध्ये एकदाही चुकले नाहीत.

यवतमाळची गोष्ट आणखी मजेची, कारण तिथे पगारदार कमी आणि कापूस जास्त. जगात कापसाचे भाव कोसळले होते, म्हणजे यवतमाळ बुडायला हवं होतं. पण त्याच हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला २,०३० वरून थेट ३,००० रुपये केला होता. व्यापारी मागे सरले तेव्हा हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआय (कापूस महामंडळ) आणि नाफेडने गाड्याच्या गाड्या उचलल्या. आपली यवतमाळची पार्टी एरवी संक्रांतीनंतर तोंड दाखवायची, त्या वर्षी संक्रांतीच्या आधीच तिने खातं चुकतं केलं. कुणी म्हणेल शेती मंदीत तारते. शेती आपोआप तारत नाही गं, खाली धरायला कुणीतरी झोळी पसरलेली असावी लागते. आणि झोळीलाही भोक असतं. त्याच वर्षीच्या कर्जमाफीत पूर्ण माफी पाच एकरांच्या आतल्यांनाच होती. पश्चिम महाराष्ट्रात पाच एकर बागायत म्हणजे राजा. आपल्याकडे बारा एकर कोरडवाहूवाला त्याहून गरीब, पण कागदावर मोठा शेतकरी. त्याला पंचवीस टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल तेवढी सूट, तीही उरलेले पैसे आधी भरले तर. तो कुठून भरणार होता?

पुलगावचं पान बघताना मात्र मला नेहमी थांबायला होतं. तिथे माझ्या दोन पार्ट्या होत्या. एकीचं गिऱ्हाईक गिरणीचं, दुसरीचं दारूगोळा भांडारातल्या नोकरदारांचं. गिरणी बंद पडली. पहिल्या पानावर मी तांबड्या शाईने 'बुडीत' लिहिलं, दुसरं पान अजून चालू आहे. एका गावात, पायी जाण्याच्या अंतरावर. नागपूरचं तरी वेगळं काय झालं? १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा अख्ख्या मध्य हिंदुस्थानात असं काही नव्हतं. आजोबा सांगायचे, मिलच्या पगाराच्या दिवशी दुकानात दोन माणसं जास्तीची उभी करावी लागत. पुढे गिरणी ढासळली, तेव्हा मी जेमतेम गल्ल्यावर बसायला लागलो होतो. मिल कामगारांच्या घरची मोड किती आली म्हणून सांगू! घंगाळं, हंडे, परातींवर लग्नातली नावं कोरलेली. आजोबांनी नाव असलेली भांडी सहा महिने वितळवायला पाठवलीच नाहीत, कुणी सोडवायला येईल म्हणून. दोघं आले. आज तिथे मॉल आहे, तू पहिला पिझ्झा तिथेच खाल्लास.

तेव्हा नागपूर मंदीत बुडत नाही हा भ्रम आहे. ज्याच्या त्याच्या पाळीने बुडतं. २०२० मध्ये पाहिलंच आपण. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरलं, एकटी शेती वाढली. राज्याच्या आर्थिक पाहणीतही त्या वर्षासाठी उद्योग उणे ११.३, सेवा उणे ९ आणि शेती अधिक ११.७ असा अंदाज होता. जूनमध्ये आपण शटर वर केलं, तेव्हा नवं भांडं घ्यायला खेड्यातली माणसं आली आणि मोड घालायला शहरातली. कॅटरिंगवाले, बँडवाले, सदरच्या हॉटेलांतले वेटर, ऑटोवाले. एका कॅटररने चाळीस माणसांचं पातेलं आणलं होतं, आमच्याकडूनच घेतलेलं, तळाला माझाच शिक्का. सरकारी कॉलनीतून मोड आली नाही. त्यांचा महागाई भत्ता गोठला होता, पण पगार चालू होता. मग नागपूर तरलं म्हणायचं की बुडालं? सरासरी काढणाऱ्याने काढावी. माझ्या तराजूत दोन्ही नागपुरं वेगवेगळी दिसतात.

आणि उलटही होतं. देश तेजीत असताना एखादा टापू एकटाच बुडतो. बांगलादेशाने संत्र्यावरचा आयातकर वाढवत नेला आणि वरूड-मोर्शीचा संत्रा ट्रकमध्येच अडला. पुण्या-मुंबईला त्याचा पत्ताही नव्हता.

तू मागे अमेरिकेतल्या मिशिगनचं सांगितलं होतंस ना, तिथे २००९ मध्ये बेरोजगारी तेरा टक्क्यांच्या वर गेली आणि नॉर्थ डकोटात चारच्या आसपास राहिली? मला ते पटकन समजलं. मोटार पुढच्या वर्षी घेतली तरी चालते, जेवण पुढच्या वर्षी करता येत नाही. मिशिगन मोटारीवर जगायचं, डकोटा गहू आणि तेलावर. स्टीलच्या डब्याचंही तसंच आहे, जुना चालतो. म्हणून मी मंदीत पहिला मरणाऱ्यांपैकी आहे, आणि तरी मेलो नाही, कारण मेडिकल चौकातल्या आपल्या चिल्लर (किरकोळ) दुकानदाराची ऑर्डर कधी कमी होत नाही. बालाघाट, छिंदवाडा, आदिलाबादहून पेशंट येतो, बरोबर नातेवाईक येतात. एक डबा, दोन ग्लास, एक छोटं पातेलं. आजार मंदी बघून येत नाही. धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने हे आता आपलं एक मोठं उत्पन्नच झालंय, बोलायला बरं वाटत नाही तरी.

कर्जाचं राहिलंच. ते लिहायला मला जड जातं, तुला कारण माहीत आहे. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या बातम्यांनी वर्धा रोडचे भाव रोज चढत होते, तेव्हा मीही व्याजाने पैसे काढून लेआउटमध्ये प्लॉट घेतला. विकणारा म्हणाला, आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, पुढच्या महिन्यात. तो महिना अजून यायचाय. भाव थांबले, हप्ते थांबले नाहीत. दुकान चालत असूनही ती चार वर्षं घरात मंदी होती. तुझ्या सायकलीला उशीर झाला तो त्यामुळे. तेजीत उधारीवर चढलेला माणूस काय किंवा गाव काय, मंदीत त्याचीच हाडं आधी मोडतात. अमेरिकेत फ्लोरिडा, नेवाडा घरांच्या कर्जात बुडाले तेव्हा टेक्सास तुलनेने बरं राहिलं. तिथे घर गहाण टाकून किंमतीच्या ऐंशी टक्क्यांपलीकडे कर्ज काढायला कायद्यानेच मनाई आहे. आमच्या वेळी असा कुणी हात धरायला नव्हता. असता तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू विचारला नाहीस, आईकडून कळला. "नागपूरला परत येऊ का?" ये की, घर तुझंच आहे. पण इथे मंदी नसते म्हणून येऊ नकोस. तुझ्या कंपनीचं गिऱ्हाईक अमेरिकेतली बँक आहे असं तूच म्हणालीस. मिहानमधल्या तुझ्या धंद्यातल्या कंपन्यांचं गिऱ्हाईक कोण, तेवढं आधी विचारून घे. तेच असेल तर हिंजवडी सोडून खापरीला येऊन काय बदलणार? तिथला वारा इथे येईल, फक्त पगार कमी असेल. त्यापेक्षा त्याच कामात दवाखान्यांचं, विमा कंपन्यांचं, वीज मंडळांचं काम कुठे मिळतं का, ते बघ. गाव बदलण्याआधी गिऱ्हाईक बदल.

आणि आपल्या गावाचं उगाच कौतुकही करू नकोस. जे फार पडत नाही ते फार चढतही नाही. सुरत त्या दिवाळीनंतर पुन्हा उठलीच ना? आम्ही पडलो नाही म्हणून इथे बसून राहिलो, आणि आमची पोरं पुण्याला गेली.

दिवाळीचं तिकीट काढलंस का? रेल्वेचं मिळणार नाही आता, ट्रॅव्हल्सचं लगेच काढ. काल वाडीचे एक बुकिंगवाले पराती घ्यायला आले होते. ते सांगत होते, पुण्याहून नागपूरला येणाऱ्या गाडीचं भाडं तिप्पट झालंय. मी म्हटलं, आणि त्याच गाडीचं इथून पुण्याला जायचं? म्हणाले, "रिकामीच जाते, काका. तुम्ही म्हणाल तेवढं द्या."

तुझा,
बाबा

ता. क. आई संत्रा बर्फी पाठवणार होती, मी थांबवलं. इथेच येऊन खा. धनत्रयोदशीला काउंटरवर एक माणूस कमी आहे.