बी-१२ची बाटली आणि बाबांचा प्रश्न

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आपला विषय अर्धवट राहिला. तुम्ही म्हणालात, "पोटात जाणारी गोळी ती गोळी. मग औषधाला एक कायदा आणि सप्लिमेंटला दुसरा कशाला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

समोर माझी बी-१२ जीवनसत्त्वाची बाटली आहे. मागच्या हिवाळ्यात पायांना मुंग्या यायच्या, रात्री तळवे बधिर व्हायचे, ते आठवतं ना? तपासणीत बी-१२ पार तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी दिलीच नाही. म्हणाल्या, दुकानातून १,००० मायक्रोग्रॅमची गोळी आण आणि रोज घे. मोठ्या माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ही मात्रा चारशे पटींहून जास्त. ऐकून छातीत धस्स होतं. पण एवढ्या मात्रेतलं अंगी लागतं जेमतेम एक टक्का, म्हणून तर ती इतकी मोठी ठेवतात.

आता ऐका. १९७३ साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) नियम काढला होता की रोजच्या ठरलेल्या प्रमाणाच्या दीडपटीहून जास्त जीवनसत्त्व असेल तर ते औषध धरायचं. लोक खवळले. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी बाजू लावून धरली आणि १९७६मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून एफडीएचा हात अडवला. तो नियम टिकला असता तर माझी ही साधी गोळी औषधांच्या कपाटात गेली असती. आकडा मोठा दिसला की औषध, असा हिशोब होता त्यात.

१९९४च्या कायद्याने सप्लिमेंट अन्नाच्या वर्गात बसवली. विक्रीआधी मंजुरी लागत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून सगळं मोकाट नाही. २००७च्या नियमांनुसार कारखान्याला कच्च्या मालाची ओळख तपासावी लागते. गंभीर त्रासाची तक्रार आली तर कंपनीने १५ कामकाजी दिवसांत एफडीएला कळवायचं, हा कायदा २००६चा. वजन उतरवायला घेतल्या जाणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्यांनी माणसं दगावली, तेव्हा २००४मध्ये त्यावर बंदी आलीच.

वजन उतरवण्याच्या गोळ्यांत चोरून औषध मिसळणारे आहेत, बाबा, मी नाकारत नाही. त्यांचा मला तुमच्याइतकाच संताप येतो. पण ती भेसळ आजही गुन्हाच आहे. जो आजचा कायदा मोडतो, तो उद्याचाही मोडेल. त्याला पकडायला तपासनीस हवेत, प्रयोगशाळा हव्यात, आणि पैसा तिथे घाला असं मी ठासून म्हणेन.

उलट औषधासारखी मंजुरी सक्तीची केली तर भुर्दंड प्रामाणिक माणसाला बसेल. चाचण्यांना वर्षं जातात, अफाट पैसा लागतो. बी-१२वर कोणाचं पेटंट नाही. मग तो खर्च कोण करणार? छोटे उत्पादक उठतील, उरतील दोन-चार बडे, आणि किंमत ते म्हणतील ती. विमा नसलेली माणसं इथे कमी नाहीत. डॉक्टरची फी भरून मग जीवनसत्त्व घ्यायचं त्यांना कसं परवडावं?

मुंग्या आता थांबल्यात. बाटलीच्या मागच्या तक्त्याचा फोटो आजच पाठवते. अक्षर बारीक आहे, भिंग घेऊन वाचा आणि खटकेल ते रविवारी सांगा.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू