पर्यटक किती आले ते राहू द्या, रात्री किती राहिले ते छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात हिमाचलच्या पर्यटनावर बातमी आली होती, गावाकडनं धाकट्या भावानं तिचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, एवढी गर्दी आहे आणि तू अजून पगारावर?" बातमीत २०२४ चा आकडा होता, १ कोटी ८१ लाख पर्यटक. आकडा सरकारचाच आहे, खोटा नाही. पण तो वाचून भावानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी बेदाण्याचे पैसे घालून मनालीत एक हॉटेल लीजवर घ्यायचं ठरवत आणलंय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी मूळचा तासगावचा, अकरा वर्षं झाली मनालीत एका बावीस खोल्यांच्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. आता मॅनेजर म्हणतात, म्हणजे काम तेच, फक्त शिव्या दोन्हीकडनं.

आधी एक गोष्ट सांगतो. २०११ च्या जनगणनेत हिमाचलची लोकसंख्या ६८ लाखांच्या वर भरली आणि त्यातले शंभरातले नव्वद लोक खेड्यात राहणारे, एवढं खेड्यात राहणारं राज्य देशात दुसरं नाही. त्या राज्यात वर्षाला लोकसंख्येच्या अडीच पटीपेक्षा जास्त पर्यटक म्हटल्यावर कुणालाही वाटणार की खोली मिळतच नसेल. आणि गंमत बघा, त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात हायकोर्टानं पर्यटन महामंडळाची १८ हॉटेलं तोट्यात आहेत म्हणून बंद करा असा आदेश दिला, पांढरे हत्ती म्हटलं त्यांना. कुठली हॉटेलं, तर नग्गरचा कॅसल, मनालीची लॉग हट्स, चैलचा पॅलेस, खज्जियारचं देवदार. यातल्या बऱ्याच जागा अशा की खिडकी उघडली की कॅलेंडरचं चित्र. नंतर खंडपीठानं त्या आदेशाला स्थगिती दिली, पण ते सोडा. एकाच वर्षात कोटीनं पर्यटक पण आणि रिकाम्या खोल्या पण, हे कसं, असा प्रश्न आपल्या बातमीत कुणाला पडला नाही.

उत्तर माझ्या काउंटरवरच्या रजिस्टरात आहे. त्यात एक रकाना असतो, कुठून आले. परदेशी पाहुणा आला की आम्हाला चोवीस तासांत सरकारचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठं जाणार, सगळं. त्यामुळं त्यांचा हिशोब चोख राहतो, २०१९ ला पावणेचार लाखांच्या वर परदेशी आले होते आणि २०२३ ला साधारण ६३ हजार, घसरण लगेच दिसते. आपल्या देशातल्या माणसाचं तसं नाही. आधारची झेरॉक्स घेतो, रजिस्टरात सही घेतो, आणि सरकारी आकड्यात तो एक 'भेट' होऊन जातो. एकच कुटुंब दोन रात्री सिमल्यात राहिलं, मग आमच्याकडं आलं, तर दोन्ही रजिस्टरांत नाव लागतं. आणि जो चार रात्री राहिला आणि जो रात्री अकराला येऊन सकाळी आठला गेला, दोघं सारखेच.

आता हा कुठून आलेचा रकाना किती खरा ते पण सांगतो. महाराष्ट्रातले लोक शंभरात नव्वद मुंबई नाहीतर पुणे लिहितात, माणूस असतो बदलापूरचा किंवा बारामतीचा. मागच्या मेमध्ये एक आजी आल्या ग्रुपबरोबर, त्यांनी माझ्या हातातनं पेन घेतला आणि रकान्यात बसेना तरी मु. पो., ता., जि. सांगली असं सगळं लिहिलं, खाली पिनकोड टाकला, मग म्हणाल्या "पत्र आलं तर यायला नको का". मी मराठीत बोललो तेव्हा त्या बाई खुर्चीत बसूनच राहिल्या, चहा घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. असो. दुसरी भानगड कॉम्प्युटरची. बरीचशी ग्रुप बुकिंगं दिल्लीच्या एजंटकडनं येतात, व्हाउचरवर त्याचाच पत्ता, मग सॉफ्टवेअर म्हणतं पाहुणा दिल्लीचा. मेमधल्या एका आठवड्याचे आधार मी स्वतः काढून बघितले तर ज्यांना कॉम्प्युटर दिल्लीवाले म्हणत होता त्यातले निम्म्याच्या वर महाराष्ट्र आणि गुजरातचे निघाले. मालकाला दाखवलं तर तो म्हणाला पैसे तर दिल्लीतनंच येतात ना.

खरे दिल्लीवाले, पंजाब, हरियाणा, चंदीगडवाले येतात ते शनिवारी. २०२३ ला किरतपूर ते नेरचौक फोरलेन सुरू झाला तेव्हापासनं चंदीगडवरनं यायचे दोन-तीन तास वाचतात, शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी काढली की झालं. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांग खिंडीखालून लाहौलला जाणारा अटल टनेल उघडला, नऊ किलोमीटरचा. पूर्वी बर्फ बघायचा तर रोहतांगला जावं लागायचं, तिथं एनजीटीनं, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं, दिवसाला बाराशे गाड्यांची मर्यादा घातलेली, परमिट मिळालं नाही तर माणूस दुसऱ्या दिवसासाठी थांबायचा, म्हणजे आमची एक रात्र वाढायची. आता टनेलमधनं पलीकडच्या सिस्सू गावाला जातात, फोटो काढतात, मॅगी खातात आणि संध्याकाळी तसेच खाली निघतात. टनेल वाईट असं मी म्हणत नाही, लाहौलच्या लोकांना हिवाळ्यात दवाखान्यात जायचं तर बर्फ वितळायची वाट बघावी लागायची, त्यांचं भलं झालं. पण आमच्या धंद्यात टनेलनं पर्यटक वाढवला आणि रात्र कमी केली, दोन्ही एकदम.

आणि हॉटेल चालतं ते रात्रीवर हो. बावीस खोल्या आणि महिन्याच्या तीस रात्री म्हणजे सहाशे साठ नग माल माझ्याकडं विकायला आहे असं समजा, त्यातला मंगळवारचा विकला नाही तर बुधवारी तो विकता येत नाही, भाजीवाल्याला निदान संध्याकाळी स्वस्तात देता येते. शनिवारी गर्दी कितीही होऊ दे, माझ्याकडं खोल्या बावीसच, तेविसावा गिऱ्हाईक गाडीतच झोपतो आणि सरकारला पर्यटक म्हणून मिळतो. सोमवार ते गुरुवार किल्ल्या हुकावर लटकलेल्या असतात. त्या रात्री भरतो लांबचा माणूस. मेमध्ये शाळा सुटल्या की महाराष्ट्र, दुर्गापूजेला बंगाल, दिवाळी झाली की गुजरात, थंडीत हनिमूनवाले कुठून कुठून. हा माणूस रेल्वे किंवा विमानानं येतो, एवढा खर्च करून आलाय तर तीन-तीन रात्री राहतो, दोन वेळचं जेवण हॉटेलातच खातो आणि मंगळवार का शनिवार हे त्याला माहीतसुद्धा नसतं. आमच्या स्टाफचा पगार यातनं निघतो, शनिवारच्या गर्दीतनं नाही.

आता आपल्या वाचकांची तक्रार, जी मी काउंटरवर दर मेमध्ये ऐकतो, की मराठी माणसाला मागची खोली देतात. खोटं बोलत नाही, देतात, मी पण दिलीय. त्याचं कारण असं की ग्रुपचा रेट जानेवारीत ठरतो, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, आणि एजंट पार पिळून घेतो. पाहुण्यानं टूरवाल्याला काय दिले ते मला कळत नाही, आणि त्यातले आमच्यापर्यंत किती आले ते पाहुण्याला कळत नाही. मग शनिवारी संध्याकाळी कुणीतरी गाडीतनं उतरून नदीकडच्या खोलीचे दुप्पट रोख टेबलावर ठेवतो, आणि मालक मागनं डोळ्यानं खुणावतो. एकदा नाशिकच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तू मराठी असून आम्हाला ही भिंत दाखवतोस होय?" खोलीची खिडकी खरंच शेजारच्या हॉटेलच्या भिंतीला लागून होती. मी काय बोलणार. ज्याच्या जिवावर आठवडा निघतो त्याला भिंत आणि जो एक रात्र येतो त्याला बियास, हा आमच्या धंद्याचा मूर्खपणा आहे आणि मालकांना तो कळत नाही कारण त्यांना पण तुमच्यासारखेच कोटीचे आकडे वाचायची सवय लागलीय.

लांबचा पाहुणा तुटतो पण पटकन, आणि तुटला की वर्षभर येत नाही. जुलै २०२३ च्या पुरात बियासनं रस्ते नेले, ऑगस्ट २०२५ ला परत तेच झालं. रस्ता एका लेननं सुरू झाला की पंजाबवाला दोन आठवड्यांत हजर होतो, त्याला फक्त टाकी फुल करायची असते. पुण्याच्या माणसानं टीव्हीवर वाहणारा रस्ता एकदा बघितला की पूजेचं, दिवाळीचं सगळं रद्द. आणि २०२५ चा मे तर विचारूच नका. २२ एप्रिलला पहलगाम झालं, आपली सहा माणसं गेली, त्यानंतर काश्मीर रद्द केलेले लोक आम्हाला फोन करायला लागले, मनाली मिळेल का, किती पडेल. आनंद तरी कसला मानायचा त्यात. आणि दोन-अडीच आठवड्यांत उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद, त्यात चंदीगड पण, आणि तेच लोक तेच फोन करून ॲडव्हान्स परत मागायला लागले. एजंट म्हणाला पुढच्या वर्षीच्या खात्यात धरा, पाहुणा म्हणाला रोख द्या, आणि मध्ये मी. त्यात रेल्वेचं आगाऊ बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासनं १२० दिवसांवरनं ६० दिवसांवर आलंय, म्हणजे आधी जानेवारीतच मेचा अंदाज यायचा, आता मार्चपर्यंत हवेतच असतो.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. इथं बाहेरच्या माणसाला सहजासहजी जमीन घेता येत नाही, हिमाचलच्या जमीन कायद्याचं कलम ११८ आहे, म्हणून दिल्ली-पंजाबचे लोक बांधलेली हॉटेलं लीजवर घेतात. लीजची रक्कम आधी द्यायची, मग खोल्या भरोत नाहीतर पूर येवो. विक्रमी पर्यटक अशी बातमी आली की पुढच्या वर्षीची लीज वाढते, दलाल कात्रण खिशात घेऊनच फिरतो. वर गावागावात होमस्टे झालेत, २००८ च्या सरकारी योजनेपासनं वाढत गेलेत, आमच्या किचनमधल्या पोरानं पण बापाच्या घरात तीन खोल्या काढल्यात आणि माझ्याच पाहुण्यांना हळूच कार्ड देतो. त्याला लीज भरायची नाही, त्यामुळं त्याचा रेट मला परवडत नाही. मी बघून न बघितल्यासारखं करतो, घर त्याचं, डोंगर त्याचा.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी आकडा छापाल तेव्हा बातमीदाराला एवढंच विचारायला सांगा की खोल्या किती, त्यातल्या किती रात्री विकल्या गेल्या आणि पाहुणा कुठल्या राज्यातला होता. सिमल्याच्या ऑफिसात मिळालं नाही तर इथं कुठल्याही हॉटेलात येऊन सोमवारी दुपारी हुकावरच्या किल्ल्या मोजा, कुणी नाही म्हणणार नाही, चहा पण पाजतील, माणूस दिसला याचाच आनंद असतो त्या दिवशी.

भावाला पण तेच म्हटलं की सप्टेंबरात ये, चार दिवस काउंटरवर माझ्या शेजारी बस आणि मग ठरव. तर म्हणतो सप्टेंबरात द्राक्षाच्या छाटणीची गडबड, त्यापेक्षा पोरांना सुट्टी लागली की मेमध्येच येतो सगळे.

आपला,
एक रिसेप्शनवाला
मनाली (मूळ तासगाव, जि. सांगली)