दादा, ‘नेट स्लो’चा खरा धनी दाखवलात!

मार्केट यार्ड, सांगली

आदरणीय दादा,

स. न. वि. वि.

अडत दुकानातल्या तिन्ही लिनक्स मशीनवर ‘नेट स्लो’ची तक्रार होती; त्यांचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा) मार्गी लावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. चारचौघांत मानतोय, कारण या दुखण्यावर यार्डात बरेच जण नुसता राउटर बदलून मोकळे होतात.

तुम्ही स्पीड टेस्टच्या नादी लागला नाहीत. थेट रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, म्हणजे डीएनएस सर्व्हरचे पत्ते लिहिलेली फाइल, उघडलीत. त्यात पहिलाच पत्ता मेलेल्या सर्व्हरचा! जीलिबसी (लिनक्समधली मूळ लायब्ररी, प्रोग्रामांसाठी नावं शोधणारी) त्याच्या दारात ५ सेकंद ताटकळते, मग दुसऱ्याकडे जाते आणि पुढच्या नावाला परत पहिल्याच दारात. एका पानाला दहा-बारा नावं लागली की बसा बघत. पत्ते कितीही लिहा, ती पहिले ३ च वाचते. हाताने सुधारलेली फाइल नेटवर्कमॅनेजर (नेटची कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्राम) पुढच्या कनेक्शनला पुसतो. म्हणून चॅटर कमांडने तिला कुणालाच बदलता येणार नाही असं कुलूप ठोकायचा सल्ला सर्रास मिळतो. तुम्ही तो उडवून लावलात तेच बरं. कुलूप घातल्यावर व्हीपीएनने (हेड ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) आपला सर्व्हर लिहायचा कुठे?

सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही मशीनवरच नावं शोधून देणारी सेवा चालू केलीत, जुनी फाइल काढून तिथे तिच्या स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक दिलीत, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट. आता सगळी विचारणा १२७.०.०.५३ कडे, म्हणजे मशीनवरच्याच रिझॉल्व्हडकडे. एक सर्व्हर गप्प झाला तर रिझॉल्व्हड दुसऱ्याकडे वळतो आणि तिथेच टिकतो.

सगळ्यात आवडली ती टिल्ड. व्हीपीएनच्या सर्च डोमेनआधी (हेड ऑफिसच्या नावांची सामाईक शेपटी) ती आडवी नागमोडी रेघ दिली आणि ‘हे कनेक्शन फक्त त्याच्याच नेटवर्कसाठी’वर खूण केली, की हेड ऑफिसची नावं तेवढी व्हीपीएनने जातात, बाकीची ब्रॉडबँडने. तरीही एखादं नाव फक्त ब्राउझरमध्येच अडलं, तर आधी ब्राउझरचा स्वतःचा सुरक्षित डीएनएस बघायचा, हेही पटलं.

आपोआप येणारे डीएनएस सर्व्हर आयपीव्ही४ (जुनी पत्तापद्धत) मध्ये बंद करून लोक आयपीव्ही६ (नवी) विसरतात. जुना सर्व्हर मागच्या दाराने परत हजर! रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस या कमांडमध्ये तो लगेच दिसतो.

डीएनएस ओव्हर टीएलएस (विचारणा सांकेतिक करून पाठवणं) ‘ऑपर्च्युनिस्टिक’ ठेवलंत, म्हणजे त्याचं ८५३ पोर्ट बंद असेल तिथे साध्या डीएनएसवर भागतं. सक्तीचं ‘येस’ असतं, तर लॉजच्या वायफायचं लॉगिन पानही उघडलं नसतं.

हळदीचे सौदे उरकले की दुपारी चहाला या. चौथं मशीन पुसून तयार ठेवलंय.

आपले,
दुकानातली कॉम्प्युटर सांभाळणारी मंडळी