राउटर अपडेट जरूर करा, पण ग्राहकाला कळवून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फायबर जोडणीसोबत घरात बसवलेल्या राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर, सेवा पुरवणारी कंपनी दुरूनच बदलू शकते. त्यासाठीची टीआर-०६९ ही पद्धत २००४ पासून उपलब्ध आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा बदल ग्राहकाला न सांगता होतो याविषयी.

आमच्या इमारतीत अलीकडेच अशा अपडेटनंतर मोबाइल आणि टीव्ही व्यवस्थित चालू राहिले. प्रिंटर, दारावरचा कॅमेरा आणि जुने लॅपटॉप मात्र वाय-फायला जोडलेच जाईनात. राउटरच्या सेटिंगमध्ये पाहिल्यावर उलगडा झाला. पूर्वी वेगवेगळ्या नावांनी दिसणारे वाय-फायच्या लहरींचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे एकाच नावाखाली आले होते आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ वरून डब्ल्यूपीए३ झाला होता. डब्ल्यूपीए३ आले २०१८ मध्ये. त्याआधीच्या बहुतेक उपकरणांना ते कळत नाही आणि स्वस्त कॅमेरे तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन २.४ गिगाहर्ट्झपुरते डब्ल्यूपीए२ ठेवले, की बहुतेक अडचणी मिटतात. दोन्ही प्रकार एकत्र चालवणारा ‘मिश्र’ पर्यायही असतो, पण काही जुनी यंत्रे त्यावरही अडतात. ५ गिगाहर्ट्झचे नाव राउटर सुरू केल्यावर लगेच दिसले नाही तर घाबरू नये, कारण त्यातील काही चॅनलवर रडार तर चालू नाही ना, हे राउटरला किमान ६० सेकंद तपासावे लागते.

तक्रार केंद्राचा ठरलेला सल्ला मात्र एकच: ‘टाचणीने रीसेट करा.’ हा सल्ला बऱ्याचदा नुकसानच करतो. वीज बंद करून राउटर पुन्हा सुरू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. रीसेटमुळे वाय-फायच्या नाव-पासवर्डबरोबरच अनेक राउटरमधील पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटशी राउटर जोडणाऱ्या लॉगिनचे, युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात. ते ग्राहकाला कधी दिलेलेच नसतात, त्यामुळे प्रिंटरपुरती असलेली अडचण अख्खे इंटरनेट बंद पडण्यावर जाते आणि तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागते. (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचे दाखवणारा एलओएसचा लाल दिवा लागला असेल, तर दोष फायबरच्या तारेत शोधावा, तिथे सेटिंग बदलून काही उपयोग नाही.)

अपडेटच नको, असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी राउटरवरील हल्ल्यामुळे विस्कळीत झाली होती आणि तेव्हा नवे फर्मवेअरच कामी आले. म्हणूनच ग्राहकाने वैतागून अपडेट बंद करण्याच्या वाटेला जाऊ नये, अशी व्यवस्था कंपन्यांनीच करायला हवी. आदल्या दिवशी मराठीत संदेश यावा आणि त्यात पट्टे, सुरक्षा, पासवर्ड यांपैकी काय बदलणार ते स्पष्ट लिहिलेले असावे. पीपीपीओईचा तपशील जोडणी देतानाच लेखी मिळावा.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, उपकरणाला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे निर्मात्याने जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. कंपनीने दिलेल्या राउटरबाबत हीच माहिती ग्राहकाला मिळावी यासाठी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, पुढाकार घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली