वरच्या कोपऱ्यातल्या लाल चौकोनासाठी

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. मागे एकदा प्रयत्न केला होता, तर "चहा घे आधी" म्हणून विषयच उडवून लावलात. इथे मध्ये बोलता यायचं नाही.

१९८९ साल, मी दहावीत. बाबांनी डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर घेऊन दिला होता. सिंक्लेअरच्या मशीनचा परवाना घेऊन डेसिबेल्सने आपल्याकडे काढलेला तो. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम चढवायचे. बेसिक ही भाषा बऱ्यापैकी जमत होती, पण 'खरे' प्रोग्रॅमर सी ही भाषा वापरतात असं कुणीतरी डोक्यात भरवून दिलं आणि सीमधला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर शोधत मी तुमच्या दारात हजर झालो. "काका, सगळ्यात चांगला सी कंपायलर कोणता?"

पेपर खाली न घेता तुम्ही विचारलंत, "मेमरी किती आहे तुझ्याकडे?"

राग आला होता. मला नाव हवं होतं आणि तुम्ही हिशोब मांडायला बसलात. रॅम ४८ के. त्यातले ६,९१२ बाइट पडद्याचे. उरलेल्यात कंपायलर, एडिटर, मी लिहिलेला मजकूर म्हणजे सोर्स आणि तयार झालेला प्रोग्रॅम, चौघांनी एकाच खोलीत राहायचं. फ्लॉपी नाही, म्हणजे अर्धं काम करून डिस्कवर ठेवणारा कंपायलर आपोआप बाद. तुमच्या कंपनीत सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमचं मशीन होतं, त्यावर तुम्ही बीडीएस सी वापरायचात. लिओर झोलमनने १९७९ मध्ये लिहिलेला तो कंपायलर सगळा सोर्स आधी मेमरीत घेतो आणि मग कामाला लागतो, फ्लॉपी उगाच खडखडत नाही, हे तुम्ही इतक्या प्रेमाने सांगायचात की मला तुमच्या ऑफिसचा हेवा वाटायचा. मामेभावाच्या कमोडोर ६४ चा विषय काढला तर त्याच्या ६५०२ जातीच्या प्रोसेसरबद्दल म्हणालात, "६५०२ चा स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या किमती रचायची जागा, २५६ बाइटची. त्यावर सी म्हणजे तांब्यात पोहणं."

माझ्या वाट्याला आला हायसॉफ्ट सी. तुमच्या भाच्याने इंग्लंडहून कॅसेट आणली होती. त्यात फ्लोट, म्हणजे अपूर्णांक, नाही म्हटल्यावर मी तोंड वाकडं केलं. "का रे, व्याज काढायचंय का तुला?" एवढंच तुमचं उत्तर.

कॅसेट मात्र आमच्या टेपवर चढेना. चार मिनिटं तो कर्कश आवाज ऐकायचा आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. तुम्ही पिवळ्या मुठीचा बारका टेस्टर घेऊन आलात, टेपचं झाकण काढलंत आणि कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिलात. डोळे मिटून, सतार जुळवावी तसे. आवाज घोगरा होता तो एकदम खणखणीत झाला. "लाव आता." एका फटक्यात चढला.

त्या संध्याकाळी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता सांभाळणारा चल, शिकवलात. पुढे कॉलेजात पॉइंटर म्हणजे फळ्यावर दोन चौकोन आणि मध्ये बाण. तुम्ही पॉइंटरला २२५२८ हा पत्ता दिलात, तिथे १६ लिहिलंत आणि आमच्या टीव्हीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन उमटला. पडद्याच्या रंगांचे ७६८ बाइट त्या पत्त्यापासून सुरू होतात आणि १६ म्हणजे लाल पार्श्वभूमी, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी चौकोन. मग म्हणालात, "एक मिळव." पॉइंटर एकाने वाढवला, परत १६ लिहिलं, शेजारी दुसरा चौकोन. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती मी का ओरडलो ते बघायला.

पुढचे आठ दिवस मी भलत्याच पत्त्यांवर लिहून मशीन लटकवत होतो. रिसेट केलं की कंपायलरही गेला, सोर्सही गेला, पुन्हा कॅसेट. 'आधी सेव्ह, मग रन' ही शिस्त तुमच्या सांगण्याने नाही, त्या चार-चार मिनिटांनी लागली. २०० गुणिले २०० चं उत्तर उणे २५,५३६ आलं तेव्हा मात्र धावत तुमच्याकडेच आलो होतो. इंट, म्हणजे पूर्णांक, सोळा बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो, हे तुम्ही पेपरच्या समासात लिहून दाखवलंत.

पण खरे आभार त्या झेरॉक्सबद्दल. मे १९८० च्या 'डॉ. डॉब्ज जर्नल'मध्ये रॉन केन यांनी स्मॉल-सी हा ८०८० या प्रोसेसरसाठीचा कंपायलर अख्ख्या सोर्ससकट छापला होता. तुमच्याकडे त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती, काही पानांवरची पुसट अक्षरं तुम्ही पेन्सिलीने गिरवलेली. त्या भाषेत स्ट्रक्चर नाही, फॉर नाही, नुसते कॅर, इंट आणि व्हाइल. मी विचारलं, असल्या लंगड्या कंपायलरचं करायचं काय? तुम्ही म्हणालात, "वापरायचा नाही. आज तू कंपायलर व्हायचं."

आणि वही पुढे सरकवलीत. 'ए बरोबर बी अधिक सी.' तिन्ही ग्लोबल, म्हणजे कायमच्या पत्त्यावर राहणारे, असतील तर काय निघेल? बी प्रोसेसरच्या एचएल रजिस्टरमध्ये आणा, स्टॅकवर ढकला, सी आणा, आधीचा डीई रजिस्टरमध्ये काढा, बेरीज, ए मध्ये ठेवा. सहा ओळी. आता तेच तिन्ही फंक्शनच्या आत, लोकल. प्रत्येक वेळी स्टॅक पॉइंटरवरून पत्ता मोजा, मग किंमत आणायला सबरुटीन बोलवा. ओळी झाल्या चौदा, शिवाय सबरुटीनच्या वेगळ्या. हायसॉफ्टचा कोड असाच निघत नव्हता, पण माझ्या मशीनमधल्या झेड-८० प्रोसेसरची अडचण तीच. माझ्या विटा फोडायच्या गेममधले काउंटर मी ग्लोबल केले आणि चेंडू डोळ्यांना दिसेल इतका जोरात पळायला लागला. ग्लोबल वापरणं पाप, असं पुढे सगळ्यांनी शिकवलं. बरोबरच आहे ते. पण त्या पापाची किंमत आणि कमाई दोन्ही मला वहीत मोजून माहीत होती.

कॉलेजात टर्बो सी आला. १९८७ चा तो कंपायलर त्याच्या काळात भन्नाटच होता. लिहा, कंपाइल करा, चालवा, सगळं एकाच पडद्यावर. आमच्या लॅबमध्ये मात्र प्रत्येक मशीनवर मेमरी मॉडेल 'ह्यूज' ठेवलेलं, मोठं ते चांगलं या न्यायाने. तीस ओळींच्या प्रोग्रॅमलासुद्धा दोनऐवजी चार बाइटचे पॉइंटर! मी गुपचूप 'स्मॉल' करायचो आणि जाताना परत 'ह्यूज'. 'गेटसीएच' (दाबलेली कळ वाचणारं फंक्शन) ही भाषेची नव्हे, कंपायलरवाल्याची देणगी आहे, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून नोकरीत युनिक्सवर गेलो तेव्हा माझे प्रोग्रॅम इतरांसारखे आडवे झाले नाहीत.

परवा स्पेक्ट्रमसाठी झेड८८डीके हा आजचा कंपायलर-संच उतरवून घेतला. आता लॅपटॉपवर कंपाइल करायचं, स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर चालवायचं. निघालेलं असेम्ब्ली सवयीने उघडलं तर त्यात 'एल_जिंट' नावाचं सबरुटीन दिसलं. तुमच्या झेरॉक्समधलं 'सीसीजिंट' आठवतंय ना, लोकलची किंमत आणून देणारं? त्याचंच हे पुढचं नाव. झेड८८डीकेमधल्या एका कंपायलरचं मूळ स्मॉल-सीच आहे. रात्रीचा एक वाजला होता, नाहीतर तेव्हाच फोन केला असता.

पुढच्या रविवारी येतोय. तुमचा पिवळ्या मुठीचा टेस्टर पस्तीसेक वर्षं माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, तो परत करायचाय. टेपपण आणतोय, हेड पुन्हा सरकलंय.

तुमचा,
समोरच्या जिन्यातला