निळवंडेच्या चाऱ्यांचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवरा नदीवरील निळवंडे धरण भरल्याची बातमी आणि जलपूजनाचे छायाचित्र कालच्या अंकात पहिल्या पानावर पाहिले. धरण भरले, आनंदच आहे. पण 'लाभक्षेत्रात समाधान' हे वाक्य कोणाला विचारून लिहिले? आमच्याकडे तर कोणी आले नाही.

माझे शेत डाव्या कालव्याला लागूनच आहे. कालव्यात आमचीही जमीन गेली. गेल्या उन्हाळी आवर्तनात, म्हणजे ठरावीक दिवस कालव्याला पाणी सोडतात तेव्हा, कालवा भरून वाहत होता आणि भरावाखाली माझ्या डाळिंबाची कळी गळून बुंध्याशी सडा पडला होता. पाणीमागणीचा अर्ज घेऊन गेलो, तर 'तुमच्या भागात चारीच नाही, पाणी देणार कुठून?' असे सांगून परत पाठवले. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट. शेवटी भावाने इंजिन लावून पाइप टाकला. तासाभरात कर्मचारी हजर! पाइप काढायला लावला, वर गुन्हा दाखल करण्याची तंबी. ज्याची जमीन कालव्यात गेली, तो चोर ठरला. त्याच दुपारी कालव्याच्या पुलावरून गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर आला. हा फोटो कोणी छापत नाही.

प्रकल्पाला मान्यता मिळाली 1970 साली, तेव्हाचा खर्च 7 कोटी 93 लाख. आता तो पाच हजार कोटींच्या वर गेला. 31 मे 2023 रोजी डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले, ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पणही झाले. वडील या पाण्याची वाट पाहत गेले. 182 गावांचा आकडा प्रत्येक भाषणात येतो, पण त्यातल्या किती गावांत पोटचारीपर्यंत (चारीच्या शेतापर्यंत जाणाऱ्या फाट्यापर्यंत) पाणी पोचले, हे एकदा तरी सांगा. ओढे-नाले आणि बंधारे भरून दिले म्हणजे सिंचन झाले, असे होत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने काय करायचे? तिकडे अकोले तालुक्यात कालव्याच्या गळतीने उभी पिके सडली, त्या शेतकऱ्यांचे हालही आम्हाला दिसतात. अस्तरीकरण अर्धवट ठेवून पाणी सोडायची घाई झाली, त्याचे भोग वरच्यांनाही आणि टेलच्यांनाही (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्यांनाही).

आणखी एक. आवर्तन सुटल्याची बातमी आपल्या अंकात पाणी सुटून गेल्यावर येते. आठवडाभर आधी तारीख छापली, तर खत-मजुरांची जुळवाजुळव तरी करता येईल. जलपूजनाला कोण कोण हजर होते, त्या नावांना आपण अर्धा रकाना दिलात. तेवढ्याच जागेत कोणत्या चारीचे काम कुठे अडले आहे, ते गावनिहाय छापावे, ही विनंती.

आपला,
एक लाभधारक शेतकरी
तळेगाव दिघे परिसर, ता. संगमनेर